१४ मिमीला ऑटोफोकस हवाच कशाला?

कातळफूल
कोकणात फोटो काढायचेत, अल्ट्रावाइड (खूप रुंद दृश्य टिपणारी, १४ मिमीसारखी लेन्स) कुठली घेऊ, असं कुणी विचारलं की बहुतेक जण ऑटोफोकसवाली महाग लेन्स सुचवून मोकळे होतात. माझ्या मते हे पैसे पाण्यात. किनारा, किल्ला, सडा (जांभ्याचं उघडं पठार), माडांची बाग, यातलं काहीही पळून जात नाही. फुल फ्रेमवर (३६ बाय २४ मिमीचा सेन्सर) १४ मिमी, एफ/८, फोकसची रिंग ०.८३ मीटरवर: ०.४२ मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. एफ/११ केलं तर रिंग ०.६१ मीटरवर. रिंग हलू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी मारायची आणि दिवसभर फोकस हा शब्द विसरायचा. सामयांगची जुनी १४ मिमी एफ/२.८ मॅन्युअल एवढ्याला पुरून उरते.

कॅमेऱ्यात दोनच गोष्टी बघायच्या. लेन्सला इलेक्ट्रॉनिक संपर्क नसेल तर मेनूत लेन्सशिवाय शटर चालू द्यायचा पर्याय लागतो, नाहीतर बटण दाबलं तरी काहीच होत नाही. आणि बॉडीतच स्टॅबिलायझेशन (सेन्सर हलवून हाताचा कंप झाकणारी सोय) असेल तर मेनूत लेन्सचा १४ हा आकडा हाताने भरायचा. आधीच्या लेन्सचा ५० तसाच राहिला तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलतो आणि हातातले फोटो उलट बिघडतात.

सड्यावरचा
पट्टी मारायच्या आधी तो ०.८३ आला कुठून ते बघा. १४ चा वर्ग १९६, भागिले ८, भागिले ०.०३ मिमी. यातला ०.०३ म्हणजे सेन्सरवर चालवून घेतलेला धूसर ठिपका, आणि तो ठरला साधारण ८ बाय १० इंचाच्या प्रिंटच्या हिशोबाने. ४५ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एक पिक्सेल ०.००४३ मिमीचा. म्हणजे तुमच्या क्षितिजावरचा प्रत्येक बिंदू सात पिक्सेल पसरलेला.

आता मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग घ्या. अर्ध्या किलोमीटरवरची दहा मीटर उंच भिंत १४ मिमीने जेमतेम ६४ पिक्सेल उंच येते. त्यात सात पिक्सेलांचा पसारा म्हणजे तटातल्या जंग्याच (मारा करायची भोकं) खाल्ल्या! पुढ्यातली वाळू कणाकणाने दिसते आणि ज्याच्यासाठी फोटो काढला तो किल्ला लोण्यासारखा.

रिंग २.५ मीटरवर न्या. क्षितिजाचा ठिपका ०.०१ मिमीवर येतो, दोन-सव्वादोन पिक्सेल. बदल्यात पुढची हद्द ०.४२ वरून ०.६२ मीटर झाली, म्हणजे गेले फक्त २० सेंटीमीटर. एवढं अगदी नाकाशी काही ठेवायचं नसेल तर हा सौदा डोळे मिटून करावा.

सुरमाड
दोघंही दिवसाउजेडी ट्रायपॉडवर बसून बोलताय. शिमग्याच्या पालखीत शिरून बघा. रात्र, ट्यूबलाइट आणि गुलाल, पालखी नाचवणारे हातभर अंतरावर, मागून धक्के. एफ/२.८ ला हायपरफोकल (क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट ठेवणारं सर्वांत जवळचं फोकसचं अंतर) २.३५ मीटर, म्हणजे १.१७ मीटरच्या आतलं सगळं मऊ. तिथे डोळा पकडणारा ऑटोफोकस काम करतो आणि तुमची पट्टी करत नाही. रिंग फिरवायला दुसरा हात मोकळा कुणाचा असतो?

कातळफूल
पालखीसाठी पट्टी वेगळ्या जागी मारायची, एवढंच. एफ/४, रिंग १ मीटरवर: ०.६२ ते २.५ मीटर हाताशी. आयएसओ ६४०० ला आजच्या बॉडी रडत नाहीत. मागचं देऊळ मऊ आलं तर येऊ दे, पालखीच्या फोटोत ते तसंही मागेच हवं. उलट ऑटोफोकस गुलालाच्या ढगावर अडकतो, नाहीतर मध्येच आलेल्या अबदागिरीवर.

सड्यावरचा यांचं गणित मात्र मान्य. २.५ मीटर घेतो. पट्टी तीच राहील, जागा बदलली.

सुरमाड
ढगावर अडकायचा, पूर्वी. आता चेहरा ओळखणाऱ्या बॉडी गुलालातूनही परत येतात. आणि १४ मिमीत कडेला आलेला माणूस तसाही ताणून दुप्पट रुंद होतो, त्यामुळे चेहरे मधल्या तिसऱ्या भागातच ठेवावे लागतात. एवढं सांभाळत असताना अंतराचा अंदाज डोक्यात ठेवायचा म्हणजे फारच झालं. माझं म्हणणं एवढंच: जागेवरचं काढणार असाल तर मॅन्युअल, माणसं काढणार असाल तर नाही.

चिरेबंदी
सड्यावर जमिनीच्या कातळात खोदलेल्या कातळशिल्पांचं काय? कशेळीचा हत्ती १८ बाय १३ मीटर आहे. १४ मिमीत मावेल का?

सड्यावरचा
उभ्या माणसाच्या उंचीवरून नाही. १४ मिमी सरळ खाली रोखली तर कॅमेरा जितका उंच त्याच्या २.५७ पट लांब आणि १.७१ पट रुंद जमीन दिसते. हत्ती पुरा बसवायला कॅमेरा किमान ७.६ मीटरवर हवा. ३ मीटरच्या काठीवरून ७.७ बाय ५.१ मीटरचा तुकडा मिळतो, म्हणजे लहान चित्र एका फोटोत आणि हत्ती जोडून. काठीवर मॅन्युअल लेन्स खरी कामाला येते. अंतर ठरलेलं, रिंग ३ मीटरवर, तुकड्यातुकड्यात फोकस बदलत नाही आणि जोड दिसत नाही. मात्र सामयांगला मिशीसारखी लाटेची विकृती आहे, म्हणजे सरळ रेषा लाटेसारख्या वाकतात. जोडण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये त्या लेन्सचं प्रोफाइल (तिची विकृती काढणारी तयार दुरुस्ती) लावून सरळ करा, नाहीतर रेषा जुळणार नाहीत. उजेड तिरपा हवा, सकाळी लवकर किंवा सूर्य टेकताना. डोक्यावरच्या उन्हात खोदाई दिसतच नाही.

राहिला प्रश्न जांभ्याच्या पोताचा. लेन्स इन्फिनिटीवर ठेवली तर धूसरपणा वस्तूवर मोजला असता सगळीकडे सारखाच असतो, छिद्राच्या व्यासाइतका. १४ भागिले ८, म्हणजे १.७५ मिमी. त्याहून मोठी भोकं, भेगा, चरे स्पष्ट येणारच, पायाशी असले तरी. सड्यावर म्हणूनच फार जीव काढायची गरज नसते. कातळावरची इवली फुलं आली की मात्र ते पुरत नाही.

मतलई
तुम्ही सगळे लेन्सवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवून चाललाय. इथेच घोळ आहे. १४ मिमीत इन्फिनिटीपासून १ मीटरपर्यंत लेन्स जेमतेम ०.२ मिमी पुढे सरकते. अडॅप्टर (दुसऱ्या माउंटची लेन्स बसवायची कडी) ०.०५ मिमीने जाड निघाला तर इन्फिनिटीच्या टोकाला रिंग लावूनही फोकस ४ मीटरवर बसतो. एफ/८ ला हे लपून जातं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळनंतर आकाशगंगा नैर्ऋत्येला समुद्रावर उतरते, तेव्हा एफ/२.८ ला प्रत्येक तारा पेढ्याएवढा येतो आणि दोष लेन्सला मिळतो.

स्वतःची खूण करा. लेन्स पूर्ण उघडी ठेवून लाइव्ह व्ह्यू दहापट, लांबच्या दीपगृहाचा किंवा एखाद्या ठळक ताऱ्याचा ठिपका सर्वांत बारीक होईल तिथे रंगाचा बारीक ठिपका. फोकस पीकिंगवर (स्पष्ट कडा रंगवून दाखवणारी सोय) ठरवू नका, १४ मिमीला एफ/८ वर ते पायापासून क्षितिजापर्यंत सगळंच लाल करून टाकतं. पट्टी कागदी, मास्किंगची. जाड चिकट पट्टीचा गोंद मेच्या घामात सुटतो, रिंग सरकते आणि रबरावर चिकटा राहतो तो वेगळाच.

आणि खरा शत्रू खारा वारा. फुगीर पुढच्या काचेवर साधा फिल्टर बसतच नाही. लाओवाची १५ मिमी एफ/२ असेल तर ७२ मिमीचा बसतो, सामयांगच्या १२ मिमी एफ/२ ला ६७ चा, पण ती क्रॉप (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरची. फिल्टर नसेल तर काचेवर तुषार सुकल्यावर कापड लावू नका. मीठ खड्यासारखं घासतं. आधी ब्लोअर, मग डिस्टिल्ड वॉटरने भिजवलेल्या कापडाने मीठ विरघळवून टिपून घ्यायचं, लेन्सचं द्रावण त्याच्यानंतर. स्पिरिटमध्ये मीठ नीट विरघळत नाही.

कातळफूल
रिंगच्या फटीत वाळू गेली तर?

मतलई
करकर ऐकू आली की फिरवणं तिथल्या तिथे थांबवा. लेन्स पालथी धरून ब्लोअर मारा, मऊ ब्रशने फट झाडा. तरीही करकरत असेल तर उघडायला कारागिराकडे. तेल अजिबात नको, ते पसरून ॲपर्चरच्या पात्यांवर जातं.

सुरमाड
बघा, ऑटोफोकसवाल्या चांगल्या लेन्सना निदान रबरी सील तरी असतात.

कातळफूल
सील असलेली लेन्सही आषाढात बंद कपाटात ठेवली तर बुरशी धरतेच. डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रता ४० ते ५० टक्के, दोघींना सारखंच.