‘उत्स्फूर्त’ म्हणायचे, पण कोणत्या इंग्रजीत?

मराठीत ‘उत्स्फूर्त’ आणि ‘आयत्या वेळी’ एवढ्यावर आपले बरेचसे भागते. इंग्रजीत लिहिण्याची वेळ आली की मात्र चार-पाच सारखेच वाटणारे शब्द पुढे येतात. मराठवाड्यात ज्यांना कामाच्या निमित्ताने अशी निवड करावी लागते, त्यांनी कोणता शब्द घेतला आणि कोणता का सोडला, हे कृपया लिहावे.

अंबाजोगाई, इंग्रजीची प्राध्यापिका
आमच्याकडे ‘एक्स्टेम्पोर’ म्हणजे चिठ्ठी उचलायची, थोडा विचार करायचा आणि बोलायला उभे राहायचे. अमेरिकेतील वक्तृत्वाच्या अध्यापनात मात्र एक्स्टेम्पोरेनियस भाषण म्हणजे मुद्दे काढून तयारी केलेले, पण पाठ न केलेले भाषण. अजिबात तयारी नसलेल्या भाषणाला तिकडे ‘इम्प्रॉम्प्टू’ म्हणतात. स्पर्धेच्या सूचनेत मी एक्स्टेम्पोरच ठेवते, कारण वाचणारी मुले इथली आहेत. तिकडच्या विद्यापीठासाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थिनीला मात्र त्याच पारितोषिकापुढे इम्प्रॉम्प्टू लिहायला सांगते.

पैठण, लोककलेवर इंग्रजीत लिहिणारा
नाथांच्या भारुडात पद ठरलेले असते, मधले बोलणे त्या त्या गावचे असते. विंचू चावल्याचे सोंग आणणारा कलावंत पाय धरून लोळण घेतो आणि कळवळत विचारतो, ‘अहो सरपंच, दवाखान्याला कुलूप का हो?’ कुलूप खरोखरच लागलेले असते, म्हणून अख्खा मंडप हसतो; पुढच्या गावी त्याच जागी पाणंद रस्त्याचा चिखल येतो. या सगळ्या रीतीला मी ‘इम्प्रोव्हायझेशन’ म्हणतो, कारण चौकट सांभाळून, टाळकऱ्यांनी पद नेमके कुठे उचलायचे याचे भान ठेवून ते बोलणे रचलेले असते. ‘ॲड-लिब’ मी एखाद्या सुट्या वाक्यासाठी राखून ठेवतो. वीज गेल्यावर मारलेली कोपरखळी, एवढाच त्याचा आवाका. एका संपादकांनी दोन्ही ठिकाणी ‘स्पॉन्टेनियस’ घालून दिले होते. त्याने कलावंताची वर्षानुवर्षांची बैठकच पुसली जाते, असे माझे मत आहे आणि ते मी सोडलेले नाही.

परभणी, रसायनशास्त्राचा शिक्षक
आमच्या विषयात स्पॉन्टेनियस म्हणजे झटपट नव्हे, तर बाहेरून सतत ऊर्जा न पुरवता आपोआप होऊ शकणारे. नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला हिऱ्याचे ग्रॅफाइट होणे ही स्पॉन्टेनियस प्रक्रियाच आहे, पण ती इतकी मंद की कोणाच्या अंगठीला धोका नाही. शिफारसपत्र लिहिताना हा अर्थ बाजूला ठेवावा लागतो. माणसाला स्पॉन्टेनियस म्हटले तर मोकळेपणाचे कौतुक होते; ‘इम्पल्सिव्ह’ म्हटले तर उतावळेपणाचा ठपका बसतो.

लातूर, मुलाखतीची तयारी करून घेणारी
आठवणीतून अंदाजे आकडा सांगायचा असेल तर ‘ऑफ द टॉप ऑफ माय हेड’, आणि तयारीविना केलेल्या शेऱ्याला ‘ऑफ द कफ’. मनात आले आणि खरोसा लेणी पाहायला निघालो, तर ते ‘ऑन द स्पर ऑफ द मोमेंट’. तिथे बोलण्याचा नव्हे, कृतीचा संबंध येतो.

छत्रपती संभाजीनगर, हिमरूचा विक्रेता
सूत आणि रेशीम यांच्या विणीची ही शाल. इंग्रजी माहितीपत्रकात ‘ओरिजिनल डिझाइन’ लिहिले की काही गिऱ्हाइके जुनी अस्सल नक्षी समजतात, काही अगदी नवी. म्हणून पारंपरिक वेलबुट्टीला ‘ट्रॅडिशनल’, विणकराने स्वतः रचलेल्या नक्षीला ‘न्यू’ आणि मालाच्या खरेपणाला ‘जेन्युइन’ असे शब्द आम्ही वाटून घेतले. ‘क्रिएटिव्ह’ मात्र काढूनच टाकला. तो शब्द गिऱ्हाइकाने वापरावा, दुकानदाराने स्वतःच्या मालाला लावू नये.