'अॅन्युरिझम'ला फुगा म्हणावं का?

धागाकर्ती : सासऱ्यांची छातीतली महाधमनी रुंदावली आहे, 4.3 सेंमी. फोर डी फ्लो एमआरआयच्या (वाहतं रक्त दाखवणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टात 'अॅन्युरिझम', 'ऑटोमेटेड सेगमेंटेशन', 'वॉल शिअर स्ट्रेस' असे शब्द आहेत. अण्णांना मराठीत कसं सांगू? कुणीतरी 'फुगा' म्हणालं, तेव्हापासून ते खोकतानाही छातीवर हात धरतात.

पहिलं उत्तर : फुगा नको, लगेच टाचणी आठवते. जुन्या वैद्यकीय मराठीत धमनीला रोहिणी म्हणत, म्हणून 'रोहिणीविस्फार', हल्ली 'धमनीविस्फार'. विस्फारलेले डोळे मोठे होतात, फुटत नाहीत. मूळ ग्रीक शब्दही रुंदावण्याचाच आहे.

दुसरं उत्तर : कागदावर छान. पण कानाला 'विस्फोट' ऐकू येतो हो! बोलताना 'फुगवटा' म्हणा आणि आकडा लगेच जोडा. चढत्या महाधमनीच्या शस्त्रक्रियेचा विचार साधारण 5.5 सेंमीला होतो, काहींच्या बाबतीत त्याआधी. तोवर लक्ष ठेवायचं.

तिसरं उत्तर : मी याच चित्रांवर काम करते. 'सेगमेंटेशन'ला कृपया 'विभाजन' लिहू नका. महाधमनीच्या भिंतीचे थर सुटणं, म्हणजे डिसेक्शन, हा वेगळाच आणि जिवावरचा प्रकार. घरचे तोच अर्थ घेतील. इथे फक्त महाधमनीची हद्द आखायची असते. आम्ही चित्राच्या एकेका कापावर माऊसने रेघ ओढत बसायचो. आता ती संगणक ओढतो, आम्ही तपासतो. रेघ जराशी बाहेर सरकली तरी भिंतीलगतचे आकडे चुकतात, म्हणून 'आपोआप' वाचून निर्धास्त होऊ नये.

'शिअर स्ट्रेस'ला परिभाषेत 'कर्तन प्रतिबल' म्हणतात. कर्तन म्हणजे कापणं, अण्णा आणखी घाबरतील. आपण 'पाण्याला ओढ आहे' म्हणतो ना? वाहतं रक्त भिंतीच्या अस्तराला तसंच सोबत खेचतं. 'रक्ताची भिंतीवरची ओढ' म्हणा. 'फोर डी'तली चौथी मिती म्हणजे काळ : अनेक ठोक्यांतली मापं जुळवून एका ठोक्याचा प्रवाह उभा करतात.

धागाकर्ती : सांगितलं. फुगवटा पटला, ओढही पटली. 'हद्द आखली' म्हटल्यावर मात्र चष्मा पुसत म्हणाले, "मोजणीला शेजारचे खातेदार हजर होते का?"