मदत हवी आहे: हिंदी सिनेमाचे परदेशी प्रेक्षक

नमस्कार मंडळी. भारतीय लोकप्रिय सिनेमा परदेशात का रुजला, यावर लेख लिहायला घेतला आहे. परदेशस्थ भारतीयांबद्दल भरपूर वाचायला मिळतं. मला हवेत ते प्रेक्षक, ज्यांचा आपल्या भाषेशी काही संबंध नव्हता.

१९५४ मध्ये सोव्हिएत संघात 'आवारा' लागला आणि राज कपूर तिथे घराघरांत पोहोचला. १९९८ मध्ये जपानमध्ये रजनीकांतचा 'मुथू' गाजला, २०१७ मध्ये चीनमध्ये 'दंगल'. ही नावं सगळ्यांनाच ठाऊक आहेत. मला खरं खेचतंय ते उत्तर नायजेरिया. तिथे लेबनीज व्यापाऱ्यांनी हिंदी सिनेमे आणले आणि कानो शहरातल्या हौसाभाषक प्रेक्षकांनी ते इतके आपलेसे केले की बांदिरी या तिथल्या मुस्लिम भक्तिसंगीताचे गायक हिंदी गाण्यांच्या चालींवर पैगंबरांची स्तुतिगीतं गाऊ लागले! चाल तीच, शब्द हौसा, साथीला डफ. नुसत्या 'नाचगाणं आवडतं' या उत्तराने हे उलगडत नाही. मला वाटतं घरच्यांचा मान, ठरवून केलेलं लग्न आणि प्रेम यांतली ओढाताण त्यांना ओळखीची वाटली असावी.

यावर कुणी वाचलंय का? बांदिरीचं ध्वनिमुद्रण कुठे ऐकायला मिळेल? आणि रशियन किंवा हौसा जाणणारं कुणी असेल तर कृपया कळवा. तिथल्या प्रेक्षकांनी स्वतः लिहिलेल्या आठवणी मला फार हव्या आहेत.