हान्फ, शाँव्र, हेंप, कॅनव्हास: सगळे एकाच घरातले?

सुतळीवाला (सांगली)
गणपती पेठेत आमचं दोरखंड, ताडपत्री, पोत्यांचं दुकान. हळदीच्या हंगामात मान वर करायला सवड नसते, एरवी गल्ल्यावर बसून वाचायचं. लेक जर्मन शिकते. तिच्या पुस्तकात कॅनाबिसला, म्हणजे गांजा-भांगेच्या झाडाला, 'हान्फ' दिलंय. फ्रेंचमध्ये म्हणे 'शाँव्र', इंग्रजीत हेंप. कानाला काही जुळत नाही, तरी मूळ एकच सांगतात. कॅनव्हासही त्यातलंच का? माझ्याकडचं तर सगळं सुती आहे. आणि गांजाचे विनोद नकोत, ते गिऱ्हाईकं रोज ऐकवतात.

वाईची वाचक
दादा, कॅनव्हास नक्कीच त्यातलं. पूर्वी ते कापड याच झाडाच्या धाग्याचं असायचं. धागा बदलला, नाव राहिलं. निवडणुकीतलं 'कॅनव्हासिंग'सुद्धा तिथूनच: आधी कॅनव्हासच्या चादरीत घालून उडवणं, मग एखाद्या गोष्टीची कसून चर्चा, मग मतं मागत फिरणं.

मूळ ग्रीक 'कानाबिस'. ग्रीकांनीही तो बहुधा त्यांच्या उत्तरेकडच्या सिथियन किंवा थ्रेशियन लोकांकडून उचलला. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, थ्रेशियन या धाग्याचे कपडे विणत आणि सिथियन तंबूत तापल्या दगडांवर बिया टाकून वाफ घेत नि आनंदानं ओरडत. ग्रीकातून लॅटिनमध्ये गेला. पुढे इटालियन 'कानापा', स्पॅनिश 'कान्यामो'. फ्रेंचांनी लॅटिन 'का'चा 'शा' केला, जसं 'कांपुस'चं 'शाँ', म्हणजे शेत. शाँव्रमधला 'र' मागाहून चिकटलाय.

हान्फची गोष्ट मला सगळ्यात आवडते. जर्मानिक भाषांत (जर्मन, इंग्रजी, डच यांच्या कुळात) फार पूर्वी 'क'चा 'ह' आणि 'ब'चा 'प' झाला. जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिमनं 1822 साली हा नियम मांडला. म्हणून लॅटिन 'कॉर्नू' तर इंग्रजी 'हॉर्न', 'केंटुम' तर 'हंड्रेड'. त्याच हिशोबानं हेंप, डच 'हेनेप'. जर्मननं पुढे 'प'चाही 'फ' केला. म्हणजे 'क'चा 'ह' व्हायच्या आधीच हा शब्द जर्मानिक लोकांकडे पोचलेला होता. व्यापाऱ्याची वही सापडत नाही, पण उच्चारावरून काळ कळतो!

कृष्णाकाठ
मूळ आपलं संस्कृत 'शण'च. हॉटेलात मिळतं ते कॅनापेपण यातलंच असणार.

वाईची वाचक
कॅनापे नाही. ते ग्रीक 'कोनोप्स'वरून, म्हणजे डास. आधी मच्छरदाणीचा पलंग, मग कोच, मग कोचासारखा पावाचा तुकडा. शणाबद्दल काही अभ्यासक तसं म्हणतात खरे. 'शत' आणि 'केंटुम'सारखं श–क जुळतंही. पण मग 'ब' कुठे गेला? मला नाही पटत.

आपला खात्रीचा शब्द पाहिजे तर 'भांग' घ्या. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं पुस्तक 1563 साली गोव्यात छापलं, त्यात 'बांगे' आहे. नशेसाठी पोर्तुगीजांनी आपलं नाव घेतलं, दोरासाठी स्वतःचं होतंच. फ्रान्समधल्या मार्सेय बंदराजवळच्या रस्त्याचं नाव आजही 'कानबिएर', जहाजांच्या दोरांच्या धंद्यावरून.

ऊसवाला, वाळवा
उसाआधी आम्ही ताग गाडतो. बियाण्याच्या पिशवीवर इंग्रजीत 'सन हेंप'. तो पण याच कुळातला?

सुतळीवाला (सांगली)
हे मला सांगू द्या, धंद्यातलं आहे. ताग शेंगवर्गातला, काही संबंध नाही. 'सन' हा आपलाच शण. साहेबाला दोर वळता येईल असं काहीही दिसलं की पुढे हेंप लावायचा. मनिला हेंप तर केळीच्या जातीचं, सिसल हेंप म्हणजे घायपात.

वाईची वाचक
आणि अंबाडीचं शास्त्रीय नाव 'हिबिस्कस कॅनाबिनस', कारण पानं तशीच दिसतात. भाजी खायला हरकत नाही, ती भेंडी-जास्वंदीच्या कुळातली.

सुतळीवाला (सांगली)
हे आमच्या घरात सांगत नाही. आई अंबाडी करायची बंद करेल.