शब्दचर्चा : कॅन बसमधलं 'टर्मिनेशन' आणि 'बायस'

प्रश्न (चिकोडी) : आयटीआयच्या मुलांसाठी कॅन बसवर (गाड्या-यंत्रांतले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती दोन तारांची जोडणी) मराठीत टिपण लिहितोय. 'टर्मिनेशन'ला 'समापन' आणि 'बायस'ला 'पूर्वग्रह' चालेल का?

उत्तर (बेळगाव, उद्यमबाग) : दोन्ही नकोत, सर. पूर्वग्रह माणसाच्या मनात असतो, तारेत नाही. आणि 'टर्मिनेशन' तर आमच्याकडे आधीच दुसऱ्या कामाला जुंपलाय. पॅनेलचा वायरमन 'टर्मिनेशन झालं' म्हणतो तेव्हा लग (तारेच्या टोकाचा धातूचा जोड) क्रिंप करून, म्हणजे दाबून बसवून, तार आवळलेली असते, इतकंच. बसच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा रोध (रेझिस्टर) लावलाय की नाही, ते मीटरच सांगणार. सप्लाय बंद करून हाय आणि लो या बसच्या दोन तारांमध्ये मोजा. 60 आले तर दोन्ही टोकं ठीक. 120 आले तर एक टोक उघडं. 40 आले तर कुणीतरी मधल्या बोर्डावर तिसरा रोध चढवलाय.

शेतात पाणी जिरवतात तशी हा रोध टोकाला सिग्नलची लहर जिरवतो, ती उलटून पुढच्या बिटात मिसळत नाही. म्हणून मी 'जिरवण-रोध' म्हणेन.

प्रतिसाद (निपाणी) : शब्द गोड आहे, पण निम्मंच सांगतो. टेबलावर हातभर तारेत कसली आलीय लहर? तरी रोध काढला की एरर येतात. डॉमिनंट बिटाला (म्हणजे 0 ला) ट्रान्सीव्हर (बसवर सिग्नल पाठवणारी-घेणारी चिप) तारा ओढून साधारण 3.5 आणि 1.5 व्होल्टला नेतो. रिसेसिव्हला (म्हणजे 1 ला) मात्र कुणीच ओढत नाही, हा रोधच दोन्ही तारा पुन्हा एकत्र आणतो.

उत्तर (बेळगाव) : पटलं. मग 'अंत्यरोध' घ्या आणि खाली दोन्ही कामं लिहा.

'बायस'ला, म्हणजे कुणी ओढत नसताना तारा ज्या व्होल्टवर टेकतात त्याला, मी 'बैठक' सुचवतो. रिसेसिव्हमध्ये दोन्ही तारांची बैठक 2.5 व्होल्टच्या आसपास असते आणि ती ट्रान्सीव्हर स्वतः राखतो. आरएस-485 या दुसऱ्या दोन-तारी बसमध्ये, ती मोकळी असताना दोन तारांतल्या व्होल्टचा फरक शून्यावर आला तर रिसीव्हरला एक की शून्य ते ठरवता येत नाही, म्हणून तिथं बाहेरून पुल-अप, पुल-डाउन रोध (एक तार वर, दुसरी खाली ओढणारे) लावतात. कॅनमध्ये 0.5 व्होल्टच्या खालचा फरक रिसेसिव्हच धरला जातो. त्यामुळे 485 चं सर्किट बघून कॅनवर तसेच रोध चढवू नका, हे टिपणात ठळक लिहाच. बैठक आणखी घट्ट हवी असेल तर 120 च्या जागी 60-60 ओहम लावून मधून 4.7 नॅनोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला द्यावा.

प्रश्नकर्ता (चिकोडी) : 'अंत्यरोध' आणि 'बैठक' घेतो. पण 'टर्मिनेशन' शेजारी ठेवतोच, मुलांना डेटाशीटमध्ये तोच शब्द भेटणार आहे.