मदत हवी आहे: जानेवारीत कंपनीत सगळ्यांना जमतील असे आरोग्याचे साधे उपक्रम

नमस्कार मंडळी,

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या वायरिंग हार्नेस (वायरींचे जोडलेले गुच्छ) बनवणाऱ्या एका कंपनीत मी एचआरमध्ये आहे. एचआर म्हणजे मी आणि टाइम ऑफिसमधले एक काका, बस. साधारण दीडशे माणसं, त्यात निम्म्याहून जास्त बायका, बहुतेक सगळ्या असेंब्ली लाइनवर. शिवाय ठेकेदाराकडची हाऊसकीपिंग, लोडिंग आणि गेटवरची मंडळी. ती कंपनीच्या कुठल्याच यादीत नसतात. परवा मीटिंगमध्ये साहेबांनी जाहीर केलं, "जानेवारी हा वेलनेस मंथ करायचा. काहीतरी छान बघा." बजेटचं विचारलं तर म्हणाले, "चहापाण्याचं बघू." म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्या.

गेल्या वर्षी, मी इथे लागायच्या आधी, दोन स्पर्धा झाल्या होत्या. एक पावलं मोजायची, मोबाइलवर. जिंकले ऑफिसमधले दोघं, ते मनगटावर महागडं घड्याळ बांधणारे. लाइनवर मोबाइल न्यायला बंदी आहे, मग आठ तास उभं राहणाऱ्या बाईची पावलं मोजणार कोण? स्टोअरमधल्या एका दादांच्या पायाला पोलिओ आहे, त्यांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. दुसरी स्पर्धा वजन कमी करायची. काटा कुठे ठेवला असेल? कँटीनच्या दारात! त्या महिन्यात काही जणी कँटीनला यायच्याच बंद झाल्या, लॉकर रूममध्ये बसून डबा खायच्या, असं झाडूवाल्या मावशींनी मला सांगितलं.

आता यंदाचं. सकाळची शिफ्ट सातची. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडून माणसं अंधारात बाइकवर निघतात. निफाडचा पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो, तो उगाच नाही. लाइनवर येतात तेव्हा बोटं इतकी आखडलेली असतात की पहिला अर्धा तास बारीक वायर टर्मिनलमध्ये बसत नाही, आणि रिजेक्शन (बाद होणारा माल) वाढलं की सुपरवायझर ओरडतो. त्यामुळे जे करायचं ते याच थंडीचा विचार करून करावं, असं माझ्या डोक्यात आहे.

कच्चं ठरवलंय ते असं. शिफ्ट सुरू होताना थोडा व्यायाम, जेवणाच्या सुट्टीत उन्हात बसायची सोय, भोगीला कँटीनमध्ये भोगीचं जेवण, एकदा बीपी-रक्त तपासणी, आणि एका सुट्टीच्या दिवशी नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला सहल. रथसप्तमीला सामूहिक सूर्यनमस्कार घ्या, असं साहेबांच्या मिसेसनी सुचवलंय. त्यावर मी अजून गप्प आहे.

आणि खरी अडचण संक्रांतीच्या हळदीकुंकवाची. ते दरवर्षी होतं, बायकांना हवंही असतं, नटूनथटून येतात. पण लाइनवर विधवा आहेत, नवऱ्याने टाकलेल्या आहेत, लग्न न झालेल्या आहेत, मुस्लिम आणि ख्रिश्चन मुली आहेत. वाण वाटायची वेळ आली की क्रिंपिंगवरच्या (वायरीला टोक दाबून बसवायच्या कामावरच्या) एक ताई न चुकता बाथरूमला जातात आणि सगळं आटोपल्यावर येतात. बंद करा म्हटलं तर बोंब होईल. आहे तसं चालू ठेवायची माझी तयारी नाही.

तर, यातलं काय ठेवू, काय काढू? पॅकिंगला एक मुलगा कर्णबधिर आहे, त्यालाही जमेल असं काय? आणि दुपारच्या शिफ्टचं काय करायचं? ते लोक रात्री बाराला सुटतात.

— गोदाकाठची

प्रतिसाद १: टूलरूम

तीस वर्षं सातपूरला कारखान्यात काढली, म्हणून अधिकाराने सांगतो. काहीही करा, पण चहाच्या सुट्टीत घेऊ नका. दहा मिनिटांच्या चहातली पाच मिनिटं व्यायामाला गेली की लोक तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घालणार. शिफ्टच्या पगारी वेळेतली पाच मिनिटं मागून घ्या. साहेब कुरकुरतील, तेव्हा तुमचाच रिजेक्शनचा मुद्दा पुढे करा. पहिल्या तासाचं रिजेक्शन रजिस्टरला असतंच. ते आकडे समोर ठेवा आणि म्हणा, पाच मिनिटं हात गरम करू द्या.

व्यायाम साधा ठेवा. मुठी उघडमीट, मनगटं गोल, खांदे, मान, टाचा वर-खाली. उभं राहून किंवा स्टुलावर बसून, ज्याला जसं जमेल तसं. म्हणजे स्टोअरचे दादाही आले. घेणारा माणूस सगळ्यांना दिसेल असा समोर उभा राहून हात करून दाखवणारा हवा, माइकवर नुसतं बोलणारा नको. पॅकिंगच्या मुलालाच दोन दिवस पुढे उभं करा ना. बघून करायचं काम तो आपल्यापेक्षा चांगलं करेल.

सूर्यनमस्काराबद्दल: ज्याला करायचे तो घरी करतोच. गार काँक्रीटवर, गुडघे दुखणाऱ्या माणसांना रांगेत उभं करून, वर साहेब फोटो काढणार... नको. कुणाला धर्माची अडचण असते, कुणाला गुडघ्याची, आणि दोघंही तोंडावर सांगत नाहीत.

प्रतिसाद २: पांढरी टोपी

मी कंपन्यांमध्ये तपासणीला जाणारी परिचारिका. ताई, तुमची यादी चांगली आहे, फक्त काही गोष्टी नीट करा.

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे बीपी एरवीपेक्षा थोडं जास्तच लागतं. बाइकवरून कुडकुडत आलेल्या माणसाला गेटवरच पट्टा बांधला तर आकडा भलताच येणार. आधी पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून बसवा. अर्धा तास आधीपासून चहा, तंबाखू, मिश्री काही नको. आणि १४०/९० एकदा दिसलं म्हणून लगेच 'तुम्हाला बीपी आहे' म्हणू नका, पुन्हा वेगळ्या दिवशी बघायला सांगा. कागद ज्याचा त्याच्या हातात द्या. एचआरच्या फायलीत एकही कागद राहता कामा नये, नाहीतर पुढच्या वर्षी कुणी फिरकणार नाही. ज्यांचं ईएसआय (कामगार विमा) कापलं जातं त्यांना पुढची तपासणी आणि औषधं त्या कार्डावर मिळतात, हे त्याच दिवशी सांगा. कार्ड खिशात असतं पण ते चालतं कसं हे अनेकांना माहीत नसतं.

बायकांचं हिमोग्लोबिन जरूर बघा. १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. आता एक फुकटची गोष्ट: तुमच्याकडे जेवणाबरोबरच चहा देतात का? बऱ्याच कँटीनमध्ये देतात. जेवणावर लगेच चहा घेतला की पालेभाजी-बाजरीतलं लोह नीट अंगी लागत नाही. चहा तासभर पुढे ढकला आणि ताटात लिंबाची फोड द्या, लिंबाने लोह जास्त शोषलं जातं. बजेट शून्य.

उन्हाबद्दल. सकाळचं कोवळं ऊन ऊब द्यायला छान, पण ड जीवनसत्त्वासाठी दहा-अकराच्या पुढचं लागतं, आणि काचेतून आलेलं तर चालतच नाही. सातच्या शिफ्टचं जेवण अकराच्या आसपास असेल ना? मग वेळ जुळलीच. शेडच्या बाहेर दोन बाकं टाका.

आणि पाणी! थंडीत तहान लागत नाही, म्हणून लोक पीत नाहीत. पण लाइनवरच्या बायका मुद्दाम पीत नाहीत, कारण बाथरूमला जायला सुपरवायझरला विचारावं लागतं. मग लघवीची जळजळ घेऊन माझ्याकडे येतात. तुमच्याकडे टॉयलेट पास असेल तर महिनाभर तो बंद करून बघा, यापेक्षा मोठा वेलनेस मला तरी माहीत नाही.

गेटवरचे लोक केबिनमध्ये कोळशाची शेगडी ठेवतात का, तेही बघा. दार-खिडकी लावून शेगडी पेटवली की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. शेगडी बाहेर, माणूस बाहेर. नाहीतर केबिनला हीटर द्या.

प्रतिसाद ३: सडेतोड

हे सगळे चोचले. पगार वाढवा, थंडी आपोआप पळेल.

प्रतिसाद ४: गोदाकाठची

@सडेतोड, पगार वाढवायचा अधिकार असता तर हा धागा काढलाच नसता हो. चहाची वेळ बदलायचा अधिकार मात्र आहे.

@पांढरी टोपी ताई, टॉयलेट पास आहे. लाकडी बिल्ला, एका लाइनला एकच. आत्ताच जाऊन बघितलं, त्यावर खिळ्याने 'लवकर ये' असं कोरलंय. आणि रात्रीच्या गार्डच्या केबिनमध्ये खरंच शेगडी आहे. आजच बाहेर काढायला लावली, हीटरची मागणी टाकली.

प्रतिसाद ५: बोरन्हाण

हळदीकुंकवाबद्दल लिहिते. माझे वडील गेले तेव्हा आई एका कंपनीच्या पॅकिंगमध्ये होती. दोन गोष्टी झाल्या. पहिल्या वर्षी तिला कुणी बोलावलं नाही. दुसऱ्या वर्षी कुणीतरी सुधारक मॅडम आल्या आणि तिला सगळ्यांसमोर पुढे बोलावून पहिलं कुंकू लावलं, टाळ्या वाजल्या. आई म्हणायची, पहिलं वर्ष बरं होतं. तेव्हा तुमच्या क्रिंपिंगच्या ताईंना मुद्दाम पुढे बोलावून मान द्यायचा प्रकार कृपया करू नका.

हळदीकुंकू ज्यांना करायचंय त्या घरी करतील, रथसप्तमीपर्यंत वेळ असतो. कंपनीत तिळगूळ ठेवा. बायका, पुरुष, साहेब, गार्ड, सगळ्यांनी सगळ्यांना द्यायचा, शिफ्ट बदलताना, गेटजवळ. म्हणजे दुपारची पाळी पण आली. 'गोड गोड बोला' सुपरवायझरला पण लागू आहे म्हणावं! वाण द्यायचंच असेल तर ते प्रत्येकाला सारखं आणि थंडीचं द्या. कानटोपी, मफलर किंवा भेगांना लावायला कोकम तेल. मफलर तर लागतोच. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच बंदी घातली, तरी संक्रांतीच्या आठवड्यात उड्डाणपुलांवर बाइकवाल्यांचे गळे कापतातच. गळ्याला जाड मफलर गुंडाळून, बाइक हळू चालवायला सांगा.

प्रतिसाद ६: हुरडापार्टी

भोगीच्या जेवणाला पूर्ण पाठिंबा. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, वांगं, गाजर, घेवडा, ओले हरभरे, शेंगदाणे घातलेली लेकुरवाळी भाजी, वर लोण्याचा गोळा. बहुतेक सगळ्यांना चालतं, शाकाहारी आहे, आणि भाजी या दिवसांत स्वस्त असते. शेंगदाणे आणि तीळ न चालणारे कुणी आहे का तेवढं आधी विचारा, त्यांच्यासाठी भाजी वेगळी काढा. डायबेटिसवाल्यांना लाडूच्या जागी नुसते भाजलेले तीळ द्या, 'तुला चालत नाही ना' असं चारचौघांत न म्हणता. दोन्ही डिश शेजारी ठेवा, ज्याने त्याने उचलावं.

जेवण मोजताना पगारपत्रक घेऊ नका, गेटचं रजिस्टर घ्या. त्या दिवशी जो आत आहे, तो जेवणार. ठेकेदाराचा प्रश्न तिथेच मिटतो.

सहल मात्र काढून टाका. नांदूर मध्यमेश्वर सुंदर आहे, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं, जानेवारीत बदकं भरपूर असतात, सगळं कबूल. पण सुट्टीच्या दिवशी लाइनवरच्या बाईला धुणं, निवडणं, पोरांचा अभ्यास असतो. येणार ऑफिसवाले चारजण आणि त्यांच्या दुर्बिणी.

प्रतिसाद ७: गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. सहल आणि सूर्यनमस्कार काढले (मिसेसना कसं सांगायचं ते माझं मी बघते). साहेबांना रिजेक्शनचे आकडे दाखवले. पाच मिनिटं मिळाली, पण 'महिनाभर बघू' या अटीवर. लाकडी बिल्ला माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. सुपरवायझर दोन दिवस फुगून होते, लाइन काही थांबली नाही. चहा बारावर गेला, त्यावर मात्र सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला, अजून चालू आहे.

हळदीकुंकवाचं लाइनवरच्या दोघी-तिघी जुन्या बायकांशी बोलले. एक म्हणाली, "आमचं नटायचं तेवढं ठेवा." ते ठेवतेय, साडी नेसून या म्हटलंय, ज्यांना नेसायची त्यांनी. गेटवर तिळगूळ साडेतीनला, दोन्ही शिफ्ट समोरासमोर.

टाइम ऑफिसच्या काकांनी अजून एक सुचवलं. टेली-मानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा) १४४१६ हा नंबर बाथरूमच्या दाराला आतल्या बाजूने लावायचा. फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, आणि तिथे वाचताना कुणी बघत नाही. मला पटलं.

आता अडलंय ते मफलरवर. ठेकेदाराची माणसं धरून पावणेदोनशे लागतील. तिबेटी मार्केटमध्ये विचारलं, भाव बजेटच्या बाहेर गेला. भद्रकालीत किंवा मेनरोडला घाऊक मिळतील का? एकाच रंगाचे नसले तरी चालेल, उलट बरंच.

प्रतिसाद ८: टूलरूम

मालेगावला विचारा. यंत्रमागाचं गाव आहे. सुती पंचे घाऊक घ्या, दुहेरी घडी करून गळ्याला बसतात, वर्षभर घाम पुसायलाही होतात. लोकरीपेक्षा खूपच स्वस्त पडतील. ठेकेदाराचा टेम्पो तिकडे जात असेल तर त्यालाच सांगा, तेवढंच त्याचंही योगदान.