मदत हवी आहे: आयर्लंडमधली मुलीची कॅथलिक शाळा दुसऱ्यांकडे द्यायची का, यावर मत मागितलंय

नमस्कार मंडळी,

लेक इथल्या कॅथलिक प्रायमरीत फर्स्ट क्लासला आहे. शाळेचं पत्र आलंय: बिशपांकडून शाळा ईटीबीकडे (सरकारी स्थानिक शिक्षण मंडळ) देऊन कम्युनिटी नॅशनल स्कूल, म्हणजे सर्वधर्मीय सरकारी शाळा, करायची का? पालकांचं मत घेणार आहेत.

इकडे पगार सरकार देतं, पण दहातल्या जवळजवळ नऊ प्रायमरी शाळांचे पेट्रन, म्हणजे आपल्याकडचे संस्थाचालक म्हणा, कॅथलिक बिशप. हे बदलायला हवं असं २०१२ च्या अहवालात आलं, २०३० पर्यंत ४०० बहुधर्मीय शाळा करायचंही ठरलंय, पण सगळं रडतखडत.

शाळेबद्दल तक्रार नाही, बाई फार प्रेमळ आहेत. धर्माच्या तासातून लेकीला वगळायला आम्ही सांगितलंय, तो हक्क घटनेनेच दिलाय. प्रत्यक्षात ती मागच्या टेबलावर चित्र रंगवते आणि कान फळ्याकडे. 'हेल मेरी' ही मेरीमातेची प्रार्थना तोंडपाठ, शुभंकरोतीनंतर तेही म्हणून मोकळी होते. आजीला तर कौतुकच! पण पुढच्या वर्षी सेकंड क्लास, म्हणजे कम्युनियन (कॅथलिक मुलांचा चर्चमधला पहिल्या प्रसादाचा विधी). गाण्यांचा सराव, चर्चच्या फेऱ्या, पांढऱ्या फ्रॉकच्या गप्पा, आणि ही एकटी बाजूला.

शाळा ईटीबीकडे गेली तर शिक्षक बदलतात का? प्रवेशाचे नियम? आणि मुख्य म्हणजे, ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी वर्गणी काढून शाळा उभी केली, तिच्याबद्दल आम्ही कालपरवा आलेल्यांनी बोलावं का? व्हॉट्सॲपवर 'नाताळ बंद होणार' सुरू झालंच आहे.

लिमरिकवाला: नाताळ कुठेही जात नाही. २०१९ मध्ये डब्लिनजवळ मालाहाइड-पोर्टमार्नॉककडे हीच आवई उठली होती. शिक्षक तेच राहतात, अभ्यासक्रम तोच. धर्माच्या तासाऐवजी 'गुडनेस मी, गुडनेस यू', सगळी मुलं एकत्र बसून. कम्युनियनची तयारी शाळेच्या वेळेबाहेर. बाप्तिस्मा झालेल्यांना आधी प्रवेश, हे २०१८ च्या कायद्याने कॅथलिक प्रायमरीतून तसंही गेलंय. इमारत बहुधा बिशपांच्या धर्मप्रांताच्याच मालकीची राहते, भाडेकराराने वापरायला मिळते. म्हणून मीटिंगमध्ये करार किती वर्षांचा आणि दुरुस्ती कुणाच्या खर्चाने, हे आधी विचारा. पालकांचं मत म्हणजे निकाल नव्हे, बिशप आणि शिक्षणमंत्री दोघांची संमती लागते.

वसईची_लेक: मी कॅथलिक, माझं मत ऐका. वसईत आम्ही धर्मशिक्षणाला रविवारी चर्चमध्ये जायचो, त्याने आमची श्रद्धा काही पातळ झाली नाही. इथे मात्र सगळं शाळेच्या गळ्यात, म्हणून कधी चर्चची पायरी न चढणारेही कम्युनियनच्या दिवशी हजर. पॅरिशने, म्हणजे स्थानिक चर्चने, तयारी घेतली तर आई-बापांनाही उठून जावं लागेल, बरंच आहे की! पण एक सांगते, पॅरिशमध्ये शिकवायला माणसं आहेत का ते बघायला हवं. शाळेतल्या म्हाताऱ्या आज्यांची धास्ती त्याचीच असते, तुमच्या दिवाळीची नाही. आणि मत जरूर द्या. लेक त्याच शाळेत बसते ना? मग पालक म्हणून तुम्हाला विचारलंय, पाहुणे म्हणून नाही.

धागाकर्ती: दोघांचे आभार. पॅरिशच्या तयारीचं डोक्यातच आलं नव्हतं. मीटिंग गुरुवारी आहे, भाडेकरार आणि कम्युनियन दोन्ही लेखी विचारते. ईटीबीकडे गेलेल्या शाळेत कुणाची मुलं असतील तर लिहा, विशेषतः मदतनीस शिक्षकांच्या जागा टिकल्या का ते.